मायक्रोमीटरच्या भरवशावर: डिझेल इंजिनाची पुनर्बांधणी

खूप चाललेल्या डिझेल इंजिनाचे हेड काढून सिलिंडरच्या आत बोट फिरवले, तर वरच्या कडेच्या थोडे खाली नखाला एक पायरी लागते. पिस्टनची सर्वांत वरची रिंग जिथवर येऊन परत फिरते, तिथे ही पायरी तयार होते. तिच्या वरचा धातू कारखान्यातून आला तसाच राहिलेला असतो, खालचा झिजलेला असतो. रिंग माथ्यावर पोचते त्या क्षणी तिचा वेग शून्य होतो, त्यामुळे तिच्याखाली तेलाचा थर टिकत नाही. आणि नेमके त्याच सुमारास इंधन पेटून दाब आणि उष्णता शिगेला पोचलेली असते. म्हणून सिलिंडर वर जास्त झिजतो, खाली कमी. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरपा होतो तेव्हा पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर रेलतो, आणि गोल सिलिंडर हळूहळू लंबगोल होऊ लागतो. असा निमुळता, लंबगोल झालेला सिलिंडर नव्या रिंगांनी दुरुस्त होत नाही. रिंग सगळीकडे सारखी टेकतच नाही. दाब खाली क्रँककेसमध्ये गळतो, तेल वर येऊन जळते, ब्रीदरमधून धूर फेकला जातो आणि थंडीच्या सकाळी इंजिन सुरू होता होत नाही.

ही शेवटची खूण खास डिझेलची. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ साली ज्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये ऑग्सबर्गला जिचे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले, तिच्यात ठिणगीला जागाच नाही. हवा सोळा-सतरा पट दाबली की तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते, आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. दाब गळला की उष्णता गेली, आणि उष्णता गेली की पेटणे संपले. पेट्रोल इंजिन थोडी गळती सोसून घेते, कारण त्याला स्पार्क प्लगचा आधार असतो. डिझेलला तो नाही. म्हणून डिझेल इंजिन पुन्हा बांधताना भाग नवे आहेत की जुने, यापेक्षा त्यांच्यामधली मोकळीक किती उरली आहे, हा प्रश्न मोठा ठरतो. या कामात मशिनिंगला एवढे महत्त्व येते ते त्यामुळेच.

उदाहरणासाठी कमिन्सचे ‘बी’ मालिकेतले ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन घेता येईल. अमेरिकेत १९८९ पासून ते डॉजच्या पिकअप गाड्यांत बसू लागले. भारतात टाटा कमिन्सच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून हीच मालिका टाटांच्या ट्रकांत पोचली. त्यामुळे अमेरिकेतला हौशी आणि महाराष्ट्रातल्या हमरस्त्यावरचा गॅरेजवाला, दोघांनाही ते आतून-बाहेरून ठाऊक आहे. सिलिंडरचा व्यास १०२ मिलीमीटर, स्ट्रोक १२० मिलीमीटर, दाबाचे प्रमाण साधारण १७ ला १. इंधन पेटल्यावर सिलिंडरमध्ये १३० बारच्या आसपास दाब आला, तर एकेका पिस्टनच्या डोक्यावर दहा टनांहून अधिक भार पडतो. हा भार पेलणारे पिस्टन, पिन, रॉड आणि क्रँक यांच्यामधली मोकळीक मात्र मिलीमीटरच्या शतांशात मोजावी लागते.

काम सुरू होते ते खोलण्यापासून, आणि चांगला कारागीर खोलतानाच अर्धे निदान करतो. मेन बेअरिंगच्या टोप्या, रॉडच्या टोप्या, व्हॉल्व, पुशरॉड हे सगळे ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, खुणा करून ठेवले जाते. टोपी तिच्या जागेवर बसवूनच कारखान्यात तिचे भोक कापलेले असते. ती दुसरीकडे किंवा उलटी बसवली की भोक गोल राहत नाही. बेअरिंगचे शेल बरेच काही सांगतात. सगळ्यांवर सारख्या बारीक रेषा असतील तर तेलात धूळ होती. एकाच्या कडेला झीज असेल तर रॉड वाकलेला असण्याची शक्यता. तांब्याचा रंग दिसू लागला असेल तर वरचा मऊ थर संपून इंजिन बरेच दिवस तसेच चालवले गेले आहे.

त्यानंतर धुणे. ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे सगळे प्लग काढून आतून ब्रश फिरवावा लागतो, कारण बेअरिंग फुटले असेल तर त्याचा भुगा याच वाटांत दडून बसलेला असतो आणि नव्या बेअरिंगमध्ये तो पहिल्या मिनिटाला पोचतो. घाई करणाऱ्या वर्कशॉपमध्ये सर्वांत आधी हीच पायरी गाळली जाते. धुतल्यावर चिरांची तपासणी. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, हेड आणि पोलादी क्रँक यांना चुंबकत्व देऊन त्यांच्यावर लोखंडाची बारीक पूड टाकतात. चीर असेल तिथे पूड रेघेसारखी गोळा होते. हेडमधल्या पाण्याच्या वाटा बंद करून आत हवेचा दाब देतात आणि हेड पाण्यात बुडवतात. बुडबुडा आला की गळती सापडली. कमिन्सच्या या मालिकेतले बाजूला ‘५३’ हा ओतीव आकडा असलेले काही ब्लॉक पाण्याच्या जॅकेटच्या बाहेरच्या भिंतीला तडे जाण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत. असा ब्लॉक हाती आला, तर त्यावर पुढचा पैसा घालण्याआधी हा आकडा पाहिलेला बरा.

मोजमापाची मुख्य साधने तीन: मायक्रोमीटर, बोअर गेज आणि डायल. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, आणि प्रत्येक उंचीवर क्रँकच्या रेषेत व तिला काटकोनात असा मोजतात. या इंजिनात वर-खालचा फरक सुमारे ०.०८ मिलीमीटर किंवा लंबगोलपणा ०.०४ मिलीमीटरच्या पलीकडे गेला, तर नव्या रिंगांवर भागत नाही, बोअर करावे लागते. बोअर म्हणजे फिरत्या हत्याराने सिलिंडर पुन्हा गोल आणि सरळ कापणे, अर्थात व्यास वाढवून. ०.५० किंवा १.०० मिलीमीटर मोठे पिस्टन बाजारात मिळतात, तेवढेच कापायचे. नवीन व्यासाने इंजिनाची ताकद वाढते, असे अनेक मालकांना वाटते. हिशोब केला तर अर्ध्या मिलीमीटरने ५.९ लिटरमध्ये साठेक घनसेंटीमीटरची भर पडते, म्हणजे जेमतेम एक टक्का. ताकद परत येते ती दाब परत आल्यामुळे.

बोअर करताना शेवटचे ०.०५ ते ०.०८ मिलीमीटर मुद्दाम शिल्लक ठेवतात, कारण कापणाऱ्या हत्याराने पृष्ठभाग फाटल्यासारखा होतो. ते शेवटचे काम होनिंगचे. फिरणारे घर्षक दगड वर-खाली सरकत जातात आणि भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी उमटते. ही जाळी शोभेची नाही. तिच्या खाचांत तेल राहते, आणि तिच्या टोकांवर रिंग घासून आपली जागा करून घेते. रेषा फार सपाट असल्या तर तेल जास्त राहून जळते, फार उभ्या असल्या तर खाली निथळून जाते. होनिंगनंतर सिलिंडर डिझेलने किंवा पेट्रोलने पुसून चालत नाही. घर्षक कण रेषांत रुतून बसतात आणि ते फक्त गरम पाणी, साबण व ब्रश यांनीच सुटतात. पांढरे फडके फिरवून ते पांढरेच राहीपर्यंत धुवायचे आणि लगेच तेल लावायचे, नाहीतर डोळ्यांदेखत गंज चढतो.

कमिन्सच्या या ब्लॉकमध्ये पिस्टन थेट ब्लॉकच्याच धातूत चालतो. बोअरची शेवटची मर्यादा संपली की जास्त कापून त्यात पातळ स्लीव्ह दाबून बसवतात आणि पुन्हा मूळ मापावर आणतात. अनेक इंजिनांत मात्र मुळातच सुटा लायनर असतो. पुण्यात खडकीला १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे पाच अश्वशक्तीचे ‘एव्ही-१’ महाराष्ट्राच्या विहिरींवर आणि नदीकाठी वर्षानुवर्षे पंप ओढत आले. ८० मिलीमीटर व्यासाचे आणि मिनिटाला १५०० फेऱ्यांचे हे इंजिन गावातला मेकॅनिक पिस्टन, रिंग आणि लायनरचा संच आणून तिथल्या तिथे उभे करू शकतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि तिथल्या फाउंड्र्यांत जी कारागिरी मुरली, तिच्यामागे अशाच शेतीच्या इंजिनांचे ओतकाम, सुटे भाग आणि दुरुस्ती यांचा मोठा वाटा आहे.

ओल्या लायनरला, म्हणजे ज्याच्या बाहेरून थेट पाणी फिरते त्याला, दोन पथ्ये असतात. त्याची कड ब्लॉकच्या पातळीपेक्षा किंचित, मिलीमीटरच्या काही शतांशांनी, वर राहावी लागते, म्हणजे गॅस्केट तिथे घट्ट आवळले जाते. दुसरे पथ्य पाण्याचे. प्रत्येक स्फोटाने लायनर थरथरतो, बाहेरच्या पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि पोलादी सुई टोचावी तशी बाहेरून छिद्रे पडत जातात. योग्य कूलंट वापरले तर हे टळते. साधे पाणी, तेही क्षारयुक्त, ओतत राहिलेल्या इंजिनाचा लायनर आतून चकचकीत आणि बाहेरून चाळण झालेला निघतो.

क्रँकशाफ्ट हा सर्वांत महाग आणि सर्वांत हळवा भाग. कमिन्सच्या त्या इंजिनात मेन जर्नलचा, म्हणजे क्रँकच्या मेन बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाचा, व्यास ८३ मिलीमीटर, रॉडच्या जर्नलचा ६९. जर्नल आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलासाठी ठेवायची मोकळीक व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाइतकी, म्हणजे ७० मायक्रॉनच्या आसपास. त्याहून कमी असेल तर तेलाचा थर बनत नाही आणि बेअरिंग जळते. जास्त असेल तर तेल कडेने निसटते आणि गेजवरचा दाब खाली येतो. जर्नल झिजले किंवा त्यावर चरे पडले, तर ग्राइंडिंग मशीनवर ते ०.२५ मिलीमीटरने लहान करतात आणि तेवढेच जाड बेअरिंग घालतात. पुढच्या खेपेला ०.५०, मग ०.७५, आणि शेवटी १.००. क्रँकच्या आयुष्यातले हे मोजके टप्पे असतात. ग्राइंडरवर कारागिराचा कस लागतो तो जर्नलच्या कोपऱ्यात. तिथे गोलाई ठेवलेली असते. घाईत दगडाने तो कोपरा काटकोनी केला की त्या एका रेषेत सगळा ताण साठतो. असा क्रँक मोजमापात निर्दोष उतरतो आणि काही हजार किलोमीटरांनी तिथेच तुटतो. शिवाय काही क्रँकचा पृष्ठभाग नायट्रायडिंगने कडक केलेला असतो. तो थर पातळ असल्याने ग्राइंडिंगनंतर उरलेली जाडी तपासावी लागते, आणि गरज पडली तर पुन्हा नायट्रायडिंग करावे लागते.

ब्लॉकमधली सात मेन बेअरिंगची भोके एका सरळ रेषेत आहेत का, हेही पाहावे लागते. इंजिन एकदा खूप तापले असेल तर ब्लॉक वाकलेला असू शकतो. मग टोप्यांचा जोड थोडा घासून सगळी भोके एका दांड्यावर पुन्हा कापतात. रॉडचे मोठे टोकही असेच गोल केले जाते. अलीकडच्या बऱ्याच इंजिनांतले रॉड मात्र कापून नव्हे, मोडून दोन केलेले असतात. मोडलेला खडबडीत पृष्ठभाग स्वतःच्याच जोडीदाराशी तंतोतंत जुळतो, त्यामुळे तो घासून सपाट करण्याची जुनी पद्धत तिथे चालत नाही.

हेडबाबत पेट्रोलची सवय असलेला कारागीर हमखास गोंधळतो. पेट्रोल इंजिनात ज्वलनकक्ष बहुधा हेडमध्ये असतो, म्हणून हेड घासले की दाब वाढतो. कमिन्ससारख्या थेट फवाऱ्याच्या डिझेलमध्ये हेड सपाट असते आणि ज्वलनकक्ष पिस्टनच्या माथ्यातल्या वाटीत असतो. हेड घासल्याने दाबाचे प्रमाण बदलत नाही, पण व्हॉल्व पिस्टनच्या जवळ येतात आणि इंजेक्टरचे टोक जास्त बाहेर डोकावते. फवारा वाटीच्या काठावर आदळू लागला तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. म्हणून घासण्याचे माप व्हॉल्वच्या खोलीवर, इंजेक्टरखालच्या वॉशरच्या जाडीवर आणि जास्त जाडीच्या गॅस्केटवर भरून काढतात. व्हॉल्व आणि सीट यांचे ग्राइंडिंग त्यामानाने सोपे. सीटची पट्टी रुंद झाली तर गळती, फार अरुंद झाली तर उष्णता निघायला वाट नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व जळतो.

इंधनाचा पंप आणि इंजेक्टर यांचे काम बहुधा स्वतंत्र वर्कशॉपमध्ये जाते. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात नोझल २५० बारच्या आसपास उघडत असे, आणि चाचणीच्या हातपंपावर फवाऱ्याचा आकार डोळ्यांनी पाहता येई. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देणाऱ्या पद्धतीत, हा दाब १६०० बार आणि त्याहून पुढे जातो. तिथे धुळीचा एक कणही इंजेक्टर बिघडवतो, आणि तपासणी बंदिस्त बेंचवरच होते. बॉशच्या भारतीय कंपनीचा, म्हणजे पूर्वीच्या मायकोचा, नाशिकचा कारखाना नोझल आणि इंजेक्टरसाठी ओळखला जातो. उत्तम बांधलेले इंजिन एका टपकणाऱ्या नोझलने आठवड्यात खराब होऊ शकते: कच्चे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते आणि नव्या रिंगा कोरड्या घासल्या जातात.

शर्यतीसाठी किंवा जास्त ताकदीसाठी इंजिन बांधताना यंत्रे हीच असतात, काम मात्र अधिक काटेकोर होते. कमिन्सचे हेच इंजिन १९८९ साली डॉजमध्ये १६० अश्वशक्ती देत होते. तोच व्यास आणि तोच स्ट्रोक ठेवून २००७ पर्यंत कारखान्यातूनच ३२५ अश्वशक्ती निघू लागली. सुधारलेला टर्बो, इंटरकूलर आणि इंधनाचा वाढलेला दाब यांचा या फरकात मोठा वाटा होता. अमेरिकेत ट्रॅक्टर पुलिंगच्या स्पर्धांत उतरणारे लोक याच ब्लॉकमधून हजाराहून अधिक अश्वशक्ती काढतात, आणि मग कारखान्याने राखलेली सुरक्षिततेची शिल्लक एकेक करून संपत जाते. पहिल्यांदा दाबाने हेड उचलले जाते. बोल्टांच्या जागी जास्त मजबूत स्टड येतात, आणि प्रत्येक सिलिंडरभोवती खाच कापून त्यात धातूची कडी बसवतात. फेऱ्या वाढवल्या की व्हॉल्वच्या स्प्रिंग कमी पडतात. गतिमान भागांवरचा जडत्वाचा भार फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. मिनिटाला २५०० वरून ५००० फेऱ्या केल्या तर तो चौपट. म्हणून पिस्टन आणि रॉड ग्रॅमभराच्या फरकात जुळवतात, क्रँक बॅलन्सिंग मशीनवर फिरवतात. सहा सिलिंडरच्या सरळ रांगेत मोठी कंपने एकमेकांना मारतात, हा या रचनेचा मूळचा गुण, पण वजनांतली तफावत तो झाकू शकत नाही.

हेड आवळल्यावर ब्लॉकही थोडा दबतो आणि सिलिंडर सूक्ष्म वाकडा होतो. त्यामुळे असे ब्लॉक होन करताना वर हेडच्या जागी जाड पोलादी प्लेट त्याच टॉर्कने आवळतात; प्लेट काढल्यावर सिलिंडर वाकडा दिसतो, हेड बसवल्यावर गोल. पुलिंगच्या काही इंजिनांत तर पाण्याच्या जॅकेटमध्ये सिमेंटसारखे मिश्रण ओतून ब्लॉक भरीव करतात. काही सेकंदांच्या शर्यतीत ब्लॉक थंड करण्यापेक्षा तो न फाटणे महत्त्वाचे. रस्त्यावरच्या ट्रकला यातले बरेचसे निरुपयोगी, काही तर घातक. डिझेल इंजिन वेगवान असू शकते याबद्दल मात्र आता शंका उरलेली नाही: २००६ साली ले मान्सची २४ तासांची शर्यत ऑडीच्या आर-१० या बारा सिलिंडरच्या डिझेल गाडीने जिंकली, आणि डिझेलने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती.

पुन्हा बांधायचे की बदलून टाकायचे, हा हिशोब गाडीच्या धंद्यावर ठरतो. मोठ्या ताफ्याचे मालक गाडी उभी ठेवत नाहीत. तयार इंजिन चढवतात आणि जुने मागाहून निवांत बांधतात. इंजिन बनवणाऱ्या कंपन्याही जुन्याच्या बदल्यात पुन्हा बांधलेले इंजिन देतात. एकट्या ट्रकमालकाला, किंवा कोकणच्या बंदरातल्या ट्रॉलरवाल्याला, आपलेच इंजिन परत हवे असते. त्याने बिलाबरोबर मोजमापांचा कागद मागावा: बोअरचे माप, जर्नलचे माप, कितव्या टप्प्याचे बेअरिंग. असा कागद देऊ न शकणाऱ्या वर्कशॉपने मोजले असेलच याची खात्री नाही.

जोडणीत पुन्हा मोजणे आलेच. बेअरिंगची मोकळीक तपासायला मेणासारख्या मऊ प्लास्टिकचा बारीक धागा जर्नलवर ठेवून टोपी आवळतात आणि उघडून तो किती चपटा झाला ते पट्टीवर पाहतात. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घालून टोकांमधली फट फीलर गेजने मोजतात. तापल्यावर रिंग लांबते, आणि फट कमी असेल तर टोके भिडून रिंग मोडते. हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आणि शेवटी अंशांत फिरवून आवळतात. कमिन्सच्या जुन्या इंजिनात टायमिंगच्या कव्हरमागे एक पोलादी पिन असते. ती कंपनांनी बाहेर सरकून गिअरांवर पडू शकते आणि पुढचा भाग फोडू शकते. एका बोल्टखाली पत्र्याची लहान पट्टी दाबली की ती जागची हलत नाही. इंजिन खाली उतरलेले असताना हे न करणे म्हणजे निव्वळ आळस.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी तेलाचा दाब तयार करून घेतात. त्यानंतर नवे इंजिन तासन्‌तास हळू फिरत ठेवायचे, ही जुनी समजूत डिझेलला मारक ठरते. रिंगेच्या पाठीमागे ज्वलनाचा दाब शिरतो तेव्हाच ती भिंतीवर दाबली जाते; भार नसेल तर ती नुसती सरकत राहते, भिंतीला तेलाची काचेसारखी झिलई चढते, आणि तेल खाण्याची खोड कायमची लागते. म्हणून तापमान स्थिर झाले की मध्यम भारावर, वेग कमी-जास्त करत गाडी चालवायची. एकदम पूर्ण भारही नको. पहिले तेल लवकर बदलून फिल्टर कापून त्यात धातूचे कण पाहतात, आणि थंड इंजिनावर टॅपेट पुन्हा जुळवतात: कमिन्सच्या या इंजिनात इनटेकला ०.२५ मिलीमीटर, एक्झॉस्टला ०.५०.